दहा बाय दहाची खोली आणि तीन हजार लिटर पाणी : घरी कैमन पाळायचा तर काय काय बांधावं लागतं?

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात कैमन या मगरीसारख्या प्राण्याची पाच जिवंत पिल्लं सापडली. अशा बातम्या अधूनमधून येतच असतात आणि त्यांच्या जोडीला मोबाईलवर व्हिडिओही फिरत असतात. फिश टँकमध्ये मगरीचं चिमुकलं पिल्लू, चिमट्याने मासा भरवणारा हात आणि खाली ‘किमतीसाठी मेसेज करा’. नागपूरच्या मनीषनगरातला एखादा कॉलेजचा पोरगा ते बघून विचारतोच, "दादा, हा बुटका असते म्हणे. वाढून वाढून किती वाढणार?"

प्रश्न रास्त आहे. बुटका कैमन खरंच फार वाढत नाही. अडचण त्याच्या लांबीची नाहीच. त्याला जे घर लागतं ते बांधणं आणि नागपूरच्या हवेत ते बारा महिने चालू ठेवणं, सगळी गोम तिथे आहे. कायद्याचं पुढे येईलच, आधी बांधकामाचा हिशेब मांडू.

बुटका म्हणजे किती बुटका?

कैमन मगरीच्याच गोतावळ्यातला, पण त्याचं घराणं अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरचं. त्यातला सगळ्यात लहान म्हणजे कुव्हियरचा बुटका कैमन. कुव्हियर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून हे नाव. अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांत, दाट झाडीखालच्या सावलीतल्या ओढ्यांत तो राहतो. दिवसाचा बराच वेळ बिळात किंवा काठाखालच्या कपारीत, रात्री शिकारीला बाहेर. नर साधारण दीड मीटर म्हणजे पाच फुटांपर्यंत जातो, मादी चार फुटांच्या आसपास थांबते. अंगावर हाडांच्या चकत्यांचं चिलखत, पोटावरही आणि पापण्यांतसुद्धा. नीट सांभाळला तर तीस वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे बारावीतल्या मुलाने आणला, तर त्याच्या मुलाच्या बारावीपर्यंत तो घरातच असणार.

बाजारात ‘बुटका’ म्हणून जे विकलं जातं ते दर वेळी बुटकंच असतं असंही नाही. चष्मेवाला कैमन नावाचा एक भाऊबंद आहे. त्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये चष्म्याच्या दांडीसारखा हाडाचा उंचवटा असतो आणि नर दोन मीटरच्याही वर जातो. बुटक्याला तो उंचवटा नसतो, त्याचं डोकं उंच आणि आखूड, बुबुळ तपकिरी. वीतभर पिल्लात हा फरक नवख्याला दिसत नाही. म्हणजे पाच फुटांचा हिशेब करून बांधलेल्या हौदात उद्या सात फुटांचा प्राणी निघू शकतो.

जागा किती लागते?

ओरिनोकोचा ओढा घरी आणता येत नाही. पण पाच फुटांच्या प्राण्याला शेपूट न दुमडता वळता यावं, पूर्ण बुडता यावं, पाण्याबाहेर येऊन कोरडं होता यावं आणि कुणाच्या नजरेला न पडता लपता यावं, एवढं तरी हवंच. माझ्या मते एका नराचा किमान हिशेब असा: अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल हौद आणि त्याला लागून तेवढीच कोरडी जमीन. दोन्ही मिळून दहा चौरस मीटर झाले. आपल्या भाषेत दहा बाय दहाची खोली आणि वर थोडं. हौदात पाणी तीन हजार लिटर.

कोरड्या भागात दोन गोष्टी लागतात. एक, शेकायला चौथरा. त्यावर पाण्यातून चढता येईल असा उतार आणि वर उष्णतेचा दिवा. दुसरी, लपायला बीळ. लोक हौसेने चौथरा बांधतात, कृत्रिम धबधबाही करतात आणि बीळ विसरतात. हा प्राणी जंगलात दिवस बिळात काढतो. चारही बाजूंनी काच आणि काचेपलीकडे माणसं अशा ठिकाणी तो घाबरलेलाच राहतो, खात नाही आणि काचेवर नाक घासून घासून जखमी करून घेतो. सिमेंटचा अर्धा पाईप उपडा घालून त्यावर माती लोटली तरी चालतं. आत अंधार हवा आणि अंगाला भिंत लागेल इतकी तंगी हवी.

उन्हाचाही एक मुद्दा आहे. हाडं घट्ट व्हायला ड जीवनसत्त्व लागतं, ते अंगात तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण लागतात आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते. तेव्हा ‘हॉलमध्ये छान ऊन येते’ याचा उपयोग नाही. जाळीतून थेट ऊन पडणारा एक कोपरा ठेवा, नाहीतर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचे खास दिवे लावा.

गच्चीवर टाकी ठेवली तर?

नागपुरात जागेचा विषय निघाला की माणूस आधी वर बघतो. गच्ची रिकामीच असते.

साठ सेंटिमीटर खोल पाणी म्हटलं की दर चौरस मीटरवर सहाशे किलो वजन आलं, हौद लहान असो की मोठा. भारतीय मानकांनुसार राहत्या घराची फरशी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून बांधतात, येण्याजाण्याची गच्ची दीडशे किलो धरून. म्हणजे नुसतं पाणीच गच्चीच्या चौपट झालं. भिंती, वाळू, चौथरा अजून मोजलेच नाहीत. पाण्याची टाकी गच्चीवर असतेच की, असं कुणी म्हणेल. ती खांबांवर आणि तुळयांवर बसवलेली असते, मधल्या मोकळ्या स्लॅबवर नाही. फ्लॅटवाल्यांचा विषय इथेच संपतो. उरले तळमजला आणि आवारवाले: बेसा, हुडकेश्वरकडचे प्लॉट किंवा महालातल्या जुन्या वाड्यांची मागची अंगणं.

पाणी रोज बदललं की झालं ना?

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबून बघू.

कैमन पाण्यातच हगतो-मुततो. त्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना झोंबतो, कातडीवर जखमा करतो आणि घरभर वासही मारतो. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी अमोनिया त्यात असतोच. रोज तीन हजार लिटर ओतून देणं उन्हाळ्यातल्या नागपुरात शक्य नाही आणि शोभणारही नाही. म्हणून जैविक फिल्टर लागतो. त्याला एकदाच समजून घेऊ: पंप पाणी ओढतो, आधी जाळ्या-स्पंजांतून गाळ काढतो आणि मग ते पाणी सच्छिद्र दगडांनी किंवा प्लास्टिकच्या चकत्यांनी भरलेल्या पिंपातून सोडतो. त्या चकत्यांवर जिवाणूंचा थर वाढतो. हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बराच कमी त्रासदायक आणि तो आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतो.

हे जिवाणू पंप चालू केल्याबरोबर हजर होत नाहीत. दह्याला विरजण लागतं तसं फिल्टरलाही लागतं, फक्त दही रात्रीत लागतं आणि फिल्टरला महिना-दीड महिना लागतो. चालू असलेल्या फिल्टरमधल्या मूठभर चकत्या आणून टाकल्या तर लवकर लागतं. म्हणून हौद आधी, फिल्टर आधी आणि प्राणी सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलेल्यांची पिल्लं पहिल्याच महिन्यात डोळे मिटून बसलेली असतात.

नळाचं पाणी थेट सोडू नका. त्यातलं क्लोरीन फिल्टरमधल्या जिवाणूंनाच मारतं. एक रात्र उघड्या टाकीत ठेवलेलं पाणी बरं. आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं धरलं तर दीड हजार लिटर येणार आणि तेवढंच जाणार. जाताना ते कुठे जाणार हेही आधी ठरवा. या पाण्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. झाडांना घाला, पण कोथिंबीर-पालकाच्या वाफ्यात नको. हौदाच्या तळाला निचऱ्याकडे उतार द्या, तोंडाशी स्टीलची पक्की जाळी बसवा आणि पाईप चार इंची घ्या. कमी व्यासाचा पाईप माशांच्या खवल्यांनी तुंबतो.

पाणी किती घाण होणार हे खाण्यावर असतं. मोठा कैमन आठवड्याला एक-दोनदाच खातो. रोज भरवणं हा माणसाचा हट्ट. त्याला आख्खे मासे, उंदीर, कोंबडीचे हाडासकट तुकडे लागतात. नुसत्या बोनलेसवर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम मिळत नाही, जबडा रबरासारखा होतो आणि पाठीला बाक येतो. ते नंतर सरळ होत नाही.

मे महिन्यात काय, डिसेंबरात काय?

कैमनचं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही, ती बाहेरून घेतं. ऊन-सावली, कोरडं-ओलं यांत ये-जा करून तो तापमान सांभाळतो. ही ये-जा त्याला करता आली पाहिजे. पाणी साधारण २५ ते २८ अंश, शेकायच्या जागी ३२ ते ३५ आणि बीळ त्याहून गार. बुटका कैमन सावलीतल्या ओढ्यांतला असल्याने त्याला इतर मगरींपेक्षा थोडं गार चालतं, पण मर्यादा त्यालाही आहेत.

आता नागपूर घ्या. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे ३.५. एवढा पल्ला अ‍ॅमेझॉनच्या ओढ्याने कधी पाहिलेला नाही.

मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. नेमकं तेच पाणी हौदात सोडलं तर प्राणी शिजेल. उन्हाळ्यात पाणी भरायचं ते पहाटे. हौद अर्धा जमिनीत घ्या, कारण जमिनीखालची माती वरच्या हवेइतकी तापत नाही आणि तितकी गारही पडत नाही. वर हिरवी जाळी, पश्चिमेला भिंत. खोली बंद असेल तर कूलर मे महिन्यात उत्तम काम करतो, हवा कोरडी असते, गारवाही मिळतो आणि ओलावाही. पावसाळा लागला की तोच कूलर निरुपयोगी.

हिवाळ्यात खर्च विजेचा. तीन हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साडेतीन युनिट लागतात. पहाटे १६ अंशांवर गेलेला हौद २६ वर आणायचा तर पस्तीस युनिट. रात्रीतून दोनच अंश उतरले तरी दिवसाला सात. शंभर वॅटचा फिल्टरचा पंप चोवीस तास चालतो, त्याचे महिन्याला बहात्तर वेगळे. रात्री हौदावर थर्माकोलचं झाकण सरकवलं तर बराच फरक पडतो.

हीटर थर्मोस्टॅटचा असावा आणि एका मोठ्याऐवजी अर्ध्या ताकदीचे दोन घ्यावेत. थर्मोस्टॅट अडकून एक चालूच राहिला तर पाणी उकळणार नाही, एक बंद पडला तर दुसरा सावरून घेईल. दोन्ही लोखंडी पिंजऱ्यात, कैमनच्या तोंडाबाहेर. बादलीत पाणी तापवायचा रॉड तर विसराच. त्या लाईनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच लाईन तोडणारा स्विच, बसवला नसेल, तर हौदात हात घालणारा माणूस प्राण्याच्या आधी जाईल. वीज गेली तर पंपाला इन्व्हर्टर हवा. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, काही तास पाणी फिरलं नाही की तेच मरायला लागतात.

भिंत, दार आणि कोपरे

मगर चढत नाही हा गैरसमज आहे. पिल्लं जाळीवर सहज चढतात आणि मोठा प्राणी कोपऱ्यात दोन भिंतींना रेटा देऊन वर सरकतो. म्हणून भिंत चार फूट, गुळगुळीत, वरच्या कडेला आत वळलेली. कोपरे गोल केले तर आणखी बरं. वरून जाळीचं छत, मांजरं आणि शेजारची पोरं आत येऊ नयेत म्हणूनही. तळ घोटलेल्या सिमेंटचा, वर इपॉक्सीचा लेप. खरखरीत काँक्रीट पोट सोलून काढतं.

दारं दोन हवीत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि हौद-जमीन यांच्या मध्ये बाहेरून ओढता येईल असं सरकतं फाटक. साफसफाईच्या वेळी प्राणी एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. हे फाटक नसलेला पिंजरा मी पिंजराच मानत नाही, कारण त्याशिवाय तो धुतलाच जात नाही.

"पण तो मला ओळखतो"

ओळखत असेल. चिमटा, बादली, पावलांचा आवाज यांचा खाण्याशी संबंध तो पटकन जोडतो. चिमटा धरलेला हातही त्या संबंधात येतो, हे आपण विसरतो. जबडा उघडणारे स्नायू कमजोर, रबरबँडनेही तोंड बंद राहतं, म्हणून व्हिडिओत ते सोपं दिसतं. बंद करणारे स्नायू वेगळे आहेत. पाच फुटांच्या कैमनने मनगट धरून अंगाला पीळ दिला तर टाके घालण्यापुरतं भागत नाही.

"दुकानदाराकडे सगळे कागद आहेत"

आपल्याकडची मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पाळणं हा सरळ गुन्हा. कैमन परदेशी, म्हणून तो मोकळा, असं पूर्वी दुकानदार सांगायचे. तसं आता नाही.

साइटिस हा वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार आहे आणि बुटका कैमन त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइटिसमधल्या प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. त्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची. आधीपासून असलेल्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. आता प्राणी हातात आल्यापासून तीस दिवस. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात ते सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात, म्हणजे नागपूरकराला ‘कुठे जाऊ’ हे कारणही उरत नाही.

दुकानदाराने दाखवलेला ‘हेल्थ सर्टिफिकेट’चा कागद म्हणजे यातलं काहीच नाही. हा प्राणी देशात आला कसा, ते विचारा. निर्यात करणाऱ्या देशाचं साइटिस परमिट, परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी, प्राणी विलगीकरणाचा दाखला. मुंबईच्या विमानतळावर सापडलेल्या पाच पिल्लांकडे यातलं काही असतं तर ती लपवून आणावी लागली नसती. कायदा मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि बीळ, चौथरा, फिल्टर सगळं बांधून झाल्यावर सोसायटीच्या गणपतीत लोकांना दाखवायची हौस आलीच, तर प्राणिसंग्रहालयाचे नियम अंगावर येतात.

"बाहेरच्या देशात लोक पाळतातच की"

पाळतात. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्याखाली त्यासाठी परवाना लागतो, पिंजऱ्याची तपासणी होते आणि विमा काढावा लागतो. म्हणजे तिथेही आधी पिंजरा, मग प्राणी. आपल्याकडे उलटं चालतं: पिल्लू फिश टँकमध्ये येतं आणि पिंजऱ्याचा विचार ते काचेवर शेपूट आपटायला लागल्यावर होतो.

आणि नाहीच झेपलं तर?

अंबाझरी किंवा फुटाळा तलावात सोडायचा विचारही नको. परदेशी प्राणी आपल्याबरोबर आपल्या पाण्याला अनोळखी रोग आणतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस नाग नदीत मगर दिसली तेव्हा काठावर किती गर्दी जमली होती, ते आठवत असेल. नदीकाठी राहणाऱ्यांनी तर घरात हौद बांधण्याआधीच २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र लक्षात घ्यावी. अंबाझरी ओसंडला आणि पाणी लोकांच्या बैठकीत शिरलं. चार फुटी भिंत अशा वेळी हौदाची भिंत राहत नाही, पाणी दोन्हीकडे सारखं होतं आणि आतलं बाहेर जातं.

कुणाकडे असा प्राणी असेल, किंवा मित्राने ‘पंधरा दिवस सांभाळ’ म्हणून गळ्यात मारला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. वन्यप्राण्यांसाठीचं त्यांचं उपचार केंद्र सेमिनरी हिल्सवर आहे. महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी खोकं ठेवून पळू नका. संग्रहालयाला परवानगीशिवाय असा प्राणी घेता येत नाही, आणि खोक्यातला प्राणी तोवर उन्हात राहतो. वन विभागाचे लोक येईपर्यंत त्याला पाण्यात नको, हवा जाणाऱ्या भोकांच्या पेटीत ओल्या सुती कापडावर ठेवा, अंधारात, कूलरच्या झोतापासून दूर. दिवसभर खायला काही देऊ नका. नोंदणी झालेली असेल तर तिचा कागद सोबत द्या, आणि प्राणी कुणाकडे गेला हे त्याच पोर्टलवर कळवायला विसरू नका, नाहीतर नोंदीत तो तुमच्याच नावावर राहतो.